लॅबची किल्ली कुणाकडे असते?

मागच्या अंकात एका पालकांना उत्तर देताना मी लिहिलं होतं की शाळेत विज्ञान रुजणार की नाही हे लॅबमध्ये नाही, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठरतं. त्यावर ढीगभर पत्रं आली, आणि बरीचशी मुख्याध्यापकांचीच. काही जण रागावलेत, काहींनी मनापासून विचारलंय की मग आम्ही नेमकं करायचं काय. म्हणून या वेळचं अख्खं सदर याच विषयाला देतेय. स्टेम स्टेम म्हणून जे चाललंय, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग आणि मॅथ्स, त्याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच की मुलानं स्वतः मोजायचं, स्वतः बनवायचं, आणि बिघडलं तर का बिघडलं ते स्वतः शोधायचं. ३१ वर्षं शाळेत काढली, त्यातली ११ मुख्याध्यापिका म्हणून, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. आमची सातारा जिल्ह्यात अनुदानित माध्यमिक शाळा आहे. तीन वर्षांपूर्वी अटल टिंकरिंग लॅब मिळाली. थ्रीडी प्रिंटर आहे, सेन्सर आहेत, रोबोटिक्सचे किट आहेत. पण खरं सांगते, लॅब उघडते ती कुणी साहेब बघायला येणार असले की. शिक्षकांना सांगून सांगून थकले, ते म्हणतात वेळ नाही, आणि एकेका वर्गात ६८ मुलं. माझा विषय मराठी, त्यामुळे मला त्यातलं काही कळतही नाही. काय करू?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : ताई, आधी मला सांगा, लॅबची किल्ली कुठे असते? तुमच्या कपाटात असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. शिक्षकानं तुमच्याकडे यायचं, किल्ली मागायची, तुम्ही मीटिंगमध्ये, मग क्लार्कना शोधायचं, तोवर तासातली दहा मिनिटं गेली, आणि असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो शिक्षक येतच नाही, तो खडू घेऊन सरळ वर्गात जातो. किल्ली स्टाफरूममध्ये खिळ्याला लावा, सगळ्यांना दिसेल अशी.

पण किल्लीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती भीती. अटल लॅबची योजना नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ ला सुरू झाली, शाळेला २० लाख मिळतात, त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढची पाच वर्षं चालवायला. म्हणजे देणाऱ्यानं चालवण्यासाठी उभारणीइतकाच पैसा धरलाय, वस्तू वापरल्या जाणार, झिजणार, मोडणार हे त्यात गृहीत आहे! आणि आपण काय करतो, तर सगळं जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवतो आणि मग ते मोडू नये म्हणून कुलपात घालतो. शिक्षकाच्या डोक्यात एकच असतं, हे मोडलं तर माझ्या गळ्यात पडेल.

हे मी दुसऱ्यांना नाही सांगत, हे माझ्या हातून झालंय. मुख्याध्यापिका होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली बघताना एका मुलानं नळी खाली घेता घेता जास्तच खाली घेतली आणि मोठी लेन्स काचपट्टीवर दाबली गेली, पट्टी फुटली आणि लेन्सला तडा गेला. मी रजिस्टरमध्ये शेरा मारला, संबंधित शिक्षकाकडून वसुली करावी. नियमानं केलं असं मला वाटलं. सरांनी एक शब्द न बोलता पैसे भरले. त्यानंतर चार वर्षं त्या शाळेत सूक्ष्मदर्शक खोक्यातून बाहेर निघाला नाही, आणि सर काही अडून बसले नव्हते हो, ते फळ्यावर पेशीची सुंदर आकृती काढायचे, मुलं ती सुंदर उतरवून घ्यायची, रिझल्ट छान लागायचा. त्या चार वर्षांत नववीत आलेल्या मुलांनी खरी पेशी बघितलीच नाही. मला अजून त्याची टोचणी आहे.

नंतर मी जे केलं ते तुम्ही उद्याच करू शकता. परीक्षानळ्या, तारा, बल्ब, बॅटऱ्या, रसायनं, प्रिंटरची प्लास्टिकची तार म्हणजे फिलामेंट या सगळ्याची वेगळी उपभोग्य वस्तूंची वही करा, या वस्तू संपणारच. आणि लॅबमध्ये दोरीला बांधून एक फुटतूट वही ठेवा, त्यात मुलाचं नाव नाही, शिक्षकाचं नाव नाही, फक्त तारीख, काय मोडलं आणि का मोडलं. 'का' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो मुलांनीच भरायचा. आमच्या वहीत एकानं लिहिलं होतं, गरम नळी थंड पाण्यात बुडवली म्हणून तडकली, बाहेरची काच आधी आकसली. सांगा बरं, यापेक्षा चांगलं विज्ञान कुठल्या पाठात आहे? वर्षाच्या बजेटमध्ये फुटतुटीसाठी रक्कम आधीच धरा आणि जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये ती मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे सगळ्यांना कळतं की मोडणं हे शाळेच्या हिशोबात बसलेलं आहे.

आता ६८ मुलं. हे शिक्षकाच्या हातात नाही, वेळापत्रकाच्या हातात आहे आणि वेळापत्रकावर सही तुमची असते. विज्ञानाच्या दोन तासिका आठवड्यातून एकदा जोडून द्या, आणि त्याच वेळेला त्याच वर्गाचा कार्यानुभव किंवा पीटीचा शिक्षक मोकळा राहील असं बसवा. ३४ मुलं लॅबमध्ये, ३४ मैदानावर, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. हे बसवायला मला पहिल्या वर्षी तीन रात्री लागल्या, कारण एक तास हलवला की सहा हलतात, पण एकदा बसलं की वर्षभर बसतं. तास म्हणून छापलेलं असलं की ते घडतं, 'वेळ मिळेल तेव्हा' म्हटलं की ते घडत नाही.

तिसरं, तुमचं लॉगबुक. पाठ बघायला गेल्यावर आपण काय लिहितो? फलकलेखन सुवाच्य, वर्गनियंत्रण उत्तम, टाचण पूर्ण. शिक्षक तेच देतात जे आपण बघतो. एक टर्म फक्त एवढंच लिहून बघा की या तासात मुलांनी किती प्रश्न विचारले, आणि त्यातला एक प्रश्न शब्दशः उतरवा. पहिल्या महिन्यात शून्य लिहावं लागेल, लिहा, पण रागानं नको.

आणि तुमचा विषय मराठी आहे हे मला तर बरंच वाटतं. तुम्हाला येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तर आठवड्यातून एक तास लॅबमध्ये जाऊन मुलांच्या एका गटात स्टुलावर बसा आणि म्हणा, मला नाही माहीत, तुम्ही सांगा. शाळेतली सगळ्यात मोठी बाई 'मला माहीत नाही' म्हणतेय हे मुलं बघतात, आणि त्याहून जास्त शिक्षक बघतात. परिपाठात सुविचाराबरोबर रोज एक प्रश्नही घ्या, भाकरी का फुगते, हंड्याला बाहेरून पाणी कुठून येतं असले साधे, उत्तर लगेच द्यायचं नाही, संध्याकाळपर्यंत शोधू द्यायचं.

जाता जाता थ्रीडी प्रिंटरबद्दल, कारण तुमचाही बंद असेल असं वाटतंय. साताऱ्याकडचा पावसाळा, उघड्यावर ठेवलेलं फिलामेंट ओल धरतं, मग छापताना चटचट आवाज येतो, तार ठिसूळ होऊन तुटते आणि सगळे म्हणतात मशीन खराब. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि नव्या बुटांच्या खोक्यात त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात ना, त्या मुलांना जमवायला सांगून त्यात टाका.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, नंदुरबार जिल्हा, पहिली ते पाचवी. मीच मुख्याध्यापक, मीच शिक्षक, मीच खिचडीचा हिशोब. लॅब नाही, नेट नाही. स्टेम वगैरे आमच्यासाठी आहे का हो?
– एक शिक्षक

उत्तर : सर, तुमच्यासाठी आहे आणि तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी मोठ्या शाळांकडे नाही, तुमचे विषय तासांच्या भिंतींनी तोडलेले नाहीत.

यंदाच्या पावसाळ्यात एक करा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, मानेखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो म्हणून तळाशी थोडे खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची रेघ मारा, आणि बाहेरून कागदी पट्टी चिकटवून वरून सेलोटेप. झालं पर्जन्यमापक. हवामान खातं २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, तर शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना ती ड्युटी द्या आणि मोजून झाल्यावर पुन्हा शून्यावर आणायला सांगा. व्हरांड्याच्या भिंतीवर रोजचा आकडा, त्याचा स्तंभालेख. मग चौथी-पाचवीला विचारा, आपल्या शाळेच्या पत्र्यावर किती पाणी पडलं? १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. पत्रा ६० बाय २० फुटांचा असेल तर साधारण १११ चौरस मीटर, आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला तर एका दिवसात पावणेतीन हजार लिटर! जिथे उन्हाळ्यात आया हंडे घेऊन लांब जातात तिथल्या मुलाला हा आकडा स्वतः काढल्यावर काय वाटेल विचार करा. तो दुसऱ्या दिवशी येऊन विचारेल की सर, मग पन्हळ का नाही लावायची. तिथे इंजिनीअरिंग सुरू झालं. पन्हळ गावातल्या वेल्डरकडून मुलांसमोर लावून घ्या, उतार किती ठेवायचा हे त्यालाच विचारू द्या.

गावातल्या कारागिराला शाळेत आणायची कल्पना माझी नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांमध्ये गेला त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करून शिकतात, आणि शिकवायला आसपासचेच हुन्नर असलेले लोक. तुमच्या गावातही मोटर बांधणारा असेल, शिवणकाम करणारी ताई असेल, मापात चूल घालणारी आजी असेल. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, तर पुढच्या बैठकीत ठरावाऐवजी हेच विचारा, तुमच्यापैकी कोण काय बनवतं?

आणि मार्चमध्ये सावलीचा प्रयोग. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो. अंगणात १ मीटरची काठी ओळंब्यानं उभी करा, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा, सगळ्यात छोटी सावली सापडेल. ती घड्याळात बाराला नसते, साडेबारा-पाऊणच्या दरम्यान असते, आणि तसं का हाही एक प्रश्नच. तुमच्याकडे ती ३९ सेंटीमीटरच्या आसपास येईल. त्याच दिवशी सावंतवाडीकडच्या एखाद्या शाळेला फोन करून मोजायला सांगा, तिथे साडेअठ्ठावीस. कागदावर दोन्ही त्रिकोण काढून कोनमापकानं कोन मोजा, फरक साडेपाच अंशांच्या जवळ येतो. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर ६०० किलोमीटरच्या थोडं वर. साडेपाच अंशांना एवढं तर ३६० अंशांना किती? पाचवीचं त्रैराशिक आहे, उत्तर ४० हजारांच्या आगेमागे येतं आणि ते पृथ्वीच्या परिघाचं माप असतं. एक काठी आणि एक फोन, एवढाच खर्च.

प्रश्न : आमचे मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन पूर्ण करा, प्रयोग नंतर. मी विज्ञान शिकवते, दहावीला. त्यांना कसं समजावू?
– शिक्षिका, नाशिक

उत्तर : वाद घालू नका, त्यांच्यावर निकालाचं खरंच ओझं असतं, ते समजून घ्या. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० चे आणि २० मार्क प्रात्यक्षिकाचे, ते २० मार्क मुलांनी हातानं कमवावेत एवढीच मागणी ठेवा, एकाच तुकडीसाठी, एकाच टर्मसाठी. आणि एका तासाला सरांना बोलवा, पण खुर्चीवर बसून बघायला नाही, एका गटाचे पाचवे मेंबर म्हणून. आमच्याकडे असंच एका सरांनी स्वतः टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण टाकत मोजायचा प्रयोग, केलं, एका थेंबात रंग बदललेला बघितला, आणि पुढच्या आठवड्यात ते विचारत होते, आता कधी आहे.

प्रश्न : आमची इंग्रजी माध्यमाची शाळा. एका कंपनीनं रोबोटिक्सचं पॅकेज दिलंय, दर मुलामागे वर्षाला फी, त्यांचाच शिक्षक येणार, लॅब तेच उभारणार. पालकही मागे लागलेत. घ्यावं का?
– प्राचार्य, ठाणे

उत्तर : सर, सही करायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचारा. त्यांचा माणूस सोडून गेला तर तुमच्या शिक्षकाला ते सगळं चालवता येईल का, म्हणजे तुमच्या दोन शिक्षकांना ते सुरुवातीपासून तयार करणार का. किटमधला एक पार्ट खराब झाला तर तो बाजारात सुटा मिळतो का, की त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. आणि वर्षाच्या शेवटी मुलं मॅन्युअलमध्ये नसलेलं काही बनवतील का. तिन्हीला हो असेल तर विचार करा. मी अशा शाळा बघितल्यात जिथे ४० मुलांनी ४० सारख्या गाड्या बनवल्या, गॅदरिंगला पळवल्या, टाळ्या झाल्या, आणि जूनमध्ये करार संपल्यावर कपाटात फक्त खोकी उरली. त्यापेक्षा साधे अर्दुइनो बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी छोटी सर्किटं, जी काही शे रुपयांत मिळतात, थोडे सेन्सर आणि तुमच्याच दोन शिक्षकांना सहा महिने शनिवारचा मोकळा वेळ, हे हळू होतं पण शाळेचं होतं.

आणखी एक, मनापासून सांगते, फी भरणाऱ्याच मुलांना लॅब असं करू नका. ज्या दोन-चार मुलांचे पालक भरू शकत नाहीत ती त्या तासाला लायब्ररीत बसतात, आणि त्यांना कायमचं कळतं की हे आपल्यासाठी नाही.

पालकांना विरोध नको, त्यांना बोलवा. शनिवारी आई-बाबा आणि मूल मिळून घरातली बिघडलेली एक वस्तू उघडायची, टॉर्च, मिक्सरचं बटण, रिमोट. सेल काढून, प्लग काढून, आणि मिक्सरला तुमचा वायरमन शेजारी उभा असताना.

प्रश्न : आम्ही सायन्स क्लब सुरू केला, संध्याकाळी पाच ते सहा. मुली पहिल्या आठवड्यात २२ होत्या, आता ३. मुलींना आवड नसते असं स्टाफमध्ये बोललं जातं. तुम्हाला काय वाटतं?
– शिक्षिका, धाराशिव जिल्हा

उत्तर : ताई, शेवटची एसटी किती वाजता आहे हे बघितलंत का? पास मोफत असला तरी गाडी तुमच्या क्लबसाठी थांबत नाही. मुलगी सहाला सुटली तर घरी पोचेपर्यंत अंधार, आणि घरी गेल्यावर पाणी, स्वयंपाक, धाकटा भाऊ. आवडीचा प्रश्नच येत नाही त्यात. क्लब शाळेच्या वेळात घ्या, शनिवारी शेवटच्या दोन तासिका, आणि हे फक्त मुख्याध्यापकच करू शकतात म्हणून हे पत्र त्यांना दाखवा. असं करून बघा आणि मग मोजा किती मुली येतात.

दुसरं म्हणजे गटात कोण काय करतं ते लांब उभं राहून दहा मिनिटं बघा. सोल्डरिंग गन मुलाच्या हातात, आणि वही-पेन मुलीच्या, 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणून. सगळीकडे हेच दिसतं, कुणी मुद्दाम करत नाही. चार चिठ्ठ्या करा, जोडणारा, मोजणारा, लिहिणारा, सांगणारा, आणि दर वेळी फिरवा. माझ्या शाळेत एक मुलगी दोन वर्षं फक्त लिहीत होती, चिठ्ठी फिरली तेव्हा पहिल्यांदा तिनं तार जोडली, एलईडी लागला नाही, तिनं उलटा करून लावला आणि लागला, आणि ती कुणाला न सांगता पुन्हा उलटा, पुन्हा सुलटा करत बसली. एलईडीमधून वीज एकाच दिशेनं जाते हे तिला कुणी शिकवलं नाही.

इन्स्पायर-मानक या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेसाठी शाळेतून पाच कल्पना पाठवता येतात, निवड झालेल्या मुलाला १० हजार रुपये मिळतात. ती पाच नावं केबिनमध्ये बसून ठरवू नका, सगळ्या वर्गांतून चिठ्ठ्या मागवा, घरातली कुठली अडचण सुटावी असं वाटतं ते लिहा म्हणून. मुलींच्या चिठ्ठ्या वाचताना तुम्हाला थांबावं लागेल, धुराच्या असतात, पाण्याच्या असतात.

प्रश्न : मी आठ महिन्यांनी रिटायर होतोय. सहा वर्षांत शाळेत विज्ञानाचं चांगलं वातावरण तयार झालंय, पण माझ्यानंतर टिकेल का याची काळजी वाटते.
– मुख्याध्यापक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सर, काळजी रास्त आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान, म्हणजे प्रयोगातून विज्ञान शिकवायचं काम, १९७२ ला १६ शाळांत सुरू झालं, पुढे शेकडो शाळांत गेलं, मुलं पुस्तक जवळ ठेवून परीक्षा द्यायची आणि प्रयोगाचीही परीक्षा व्हायची, शिक्षक दर महिन्याला जमून अडलेलं एकमेकांना विचारायचे. २००२ ला सरकारनं ते बंद केलं. इतकं मोठं काम एका आदेशानं थांबतं तर एका शाळेचं काय, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. पण त्या महिन्याच्या बैठकीत तयार झालेले शिक्षक काही बंद झाले नाहीत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवणारी अरविंद गुप्तांची खेळणी तिथेच सुरू झाली, आणि नंतर पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातून किती मुलांच्या हातात गेली.

म्हणून या आठ महिन्यांत नवीन काही सुरू करू नका. महिन्यातून एकदा तासभर शिक्षकांनी एकत्र बसून आपला फसलेला प्रयोग सांगायचा, एवढं पक्कं करा, आणि त्यात तुम्ही बोलू नका, कोपऱ्यात बसा. एकट्या विज्ञानाच्या सरांवर सगळं ठेवू नका, त्यांची बदली झाली किंवा ते आजारी पडले की संपलं, जोडीला एक गणिताचा आणि एक खालच्या वर्गाचा शिक्षक द्या. लॅब असिस्टंटना, शिपाईमामांना त्या बैठकीत बसवा, कुठलं सामान कुठे आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जोडतासांचं वेळापत्रक, फुटतूट वही आणि खर्चाची तरतूद हे तिन्ही शाळा समितीच्या ठरावात आणा, म्हणजे नवीन मुख्याध्यापकांना ते आधीच्या माणसाचं खूळ वाटणार नाही. आणि चार्ज देताना यादीवर सही घेऊन मोकळे होऊ नका, त्यांना लॅबमध्ये घेऊन जा आणि आठवीच्या दोन मुलींना सांगा की नव्या सरांना सगळं दाखवा.

निघण्याआधी एक बारीक काम मात्र स्वतः करून जा. उन्हाळ्याच्या सुट्टीला कुलूप लागायच्या आधी सगळ्या मल्टिमीटरमधल्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या काढून ठेवा. आत राहिल्या तर जूनपर्यंत त्या आतल्या आत गळू शकतात आणि मीटर जातो.